नालबंदांचे कसब

पुण्याहून नाशिककडे जाताना मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा आणि मग चाकण अशी ओळीने गावे लागतात. आज या रस्त्यावर कंटेनर, ट्रेलर आणि कामगारांच्या बसगाड्यांची रीघ असते. कुरुळीच्या शिवारात आणि आसपास मोटारींचे सुटे भाग तयार करणारे कारखाने उभे राहिले आहेत. लोखंड तापवणे, ठोकणे, त्याला हवा तो आकार देणे हे काम इथे पाळ्यांमध्ये रात्रंदिवस चालते. पण याच पट्ट्यात, बाजाराच्या दिवशी झाडाखाली गोणपाट टाकून, एक हातोडी, एक पक्कड, एक कानस आणि खूर तासायची रापी एवढ्याच सामानावर लोखंडाचे काम करणारा एक माणूस बसत असे. चाकणच्या बैलबाजाराला आलेली जनावरे त्याच्यापुढे रांगेने उभी राहत. शेतकरी त्याला 'पत्रीवाला' म्हणत. आपण त्याला नालबंद म्हणतो.

नालबंद हे आडनाव महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात आपल्या समाजात अजून सर्रास आढळते. त्या आडनावाचे शिक्षक आहेत, वकील आहेत, गॅरेजवाले आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात गेल्या दोन पिढ्यांत नाल आलेली नाही. याचे दुःख करत बसावे असे मला वाटत नाही. मुलगा शिकला, साहेब झाला, हे चांगलेच झाले. पण हे कसब काय होते, त्यात नेमके काय कळावे लागे, हे कुणी लिहून ठेवले नाही आणि इतिहासाच्या पुस्तकांत तलवारीला जेवढी पाने मिळाली तेवढ्या ओळीही नालेला मिळाल्या नाहीत. म्हणून हा लेख.

शब्दापासून सुरुवात करू. 'नाल' हा मूळचा अरबी 'नअल', म्हणजे पादत्राण. रसूलुल्लाह (स.) यांच्या चपलांना आपण 'नालैन मुबारक' म्हणतो तो हाच शब्द. 'बंद' हा फारसी, बांधणारा. म्हणजे नालबंद हा जनावराचा चांभार. माणसाची चप्पल मात्र चावली तर काढून ठेवता येते. घोड्याच्या पायात ठोकलेले लोखंड महिना-दीड महिना तसेच राहते, आणि ते चावत असेल तर सांगायला त्याला जीभ नसते, तो फक्त लंगडतो.

घोड्याचा खूर हा आपल्या नखासारखा पदार्थ आहे. बाहेरची भिंत निर्जीव, त्यात खिळा गेला तरी वेदना नाही. पण या भिंतीच्या आत लगेच जिवंत मांस आणि रक्तवाहिन्यांचे जाळे असते. खिळा ठोकायला मिळते ती जागा बोटाच्या पेराएवढीही रुंद नाही. म्हणून नालेच्या खिळ्याचे टोक एका बाजूने तिरपे घडवलेले असते. ठोकताना तो सरळ न जाता बाहेरच्या बाजूला वळतो आणि खुराच्या भिंतीतून थोड्या उंचीवर बाहेर निघतो. बाहेर आलेले टोक पिळून तोडायचे आणि उरलेले खाली दाबून कानसीने सपाट करायचे. चुकून टोक उलटे धरले, तर खिळा आत वळतो आणि घोडा जायबंदी होतो. जाणकार नालबंद डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवतो. खिळा कठीण भिंतीतून जात असेल तर हातोडीचा आवाज एक येतो, मऊ भागात शिरत असेल तर दुसरा.

हे झाले घट्ट बसवण्याचे. खरी अडचण यानंतर आहे. खूर दगडासारखा दिसत असला तरी दगड नाही. घोडा पाय टेकतो तेव्हा त्याच्या वजनाने खुराचा मागचा भाग, म्हणजे टाचेकडची बाजू, काही मिलीमीटर फाकते. पाय उचलला की ती पुन्हा मिटते. तळाशी मधोमध रबरासारखा जो त्रिकोणी मऊ भाग असतो, तो दाबला जातो आणि धक्का सोसतो. या दाबामुळे पायातले रक्त वर ढकलले जायलाही मदत होते. म्हणजे निसर्गाने खूर लवचिक केला आहे, आणि माणूस त्यावर न वाकणारे लोखंड ठोकतो. नाल सैल ठेवावी तर वाटेत गळून पडते, आणि चहूबाजूंनी आवळावी तर खूर वर्षागणिक आक्रसत जातो. घट्टही हवे आणि मोकळेही हवे, ही दोन टोके सांभाळण्यात नालबंदाची सगळी विद्या आहे.

दख्खनच्या इतिहासात या विद्येला किती मोल होते, याचा एक दाखला मार्को पोलोने दिला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो माबारला, म्हणजे आजच्या तमिळ किनाऱ्यावर, आला होता. होर्मुझ, एडन आणि अरबस्तानातल्या इतर बंदरांतून तिथे दरवर्षी हजारो घोडे उतरत. पोलो लिहितो की वर्ष सरता सरता त्यांतले फार थोडे जिवंत राहत, कारण तिथे घोड्यांची निगा राखणारे, नाल ठोकणारे जाणकार नव्हते. आणि घोडे विकणारे व्यापारी अशा जाणकारांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे घोडे खपणार! पोलोच्या सांगण्यात अतिशयोक्ती असेल, पण गोष्टीचा अर्थ स्पष्ट आहे. जो माल विकतो तो दुरुस्तीचे ज्ञान दाबून ठेवतो, ही आजच्या कंपन्यांची युक्ती सातशे वर्षे जुनी आहे.

चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून घाट चढून घोडे दख्खनमध्ये येत. चाकणचा संबंध इथे जुळतो. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाचा सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याने पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमेसाठी चाकण हे आपले ठाणे केले होते. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी, आणि त्याच्या किताबाचा अर्थच व्यापाऱ्यांचा प्रमुख असा. पुढे कोकणच्या जंगलात त्याच्या फौजेची कत्तल झाली आणि जे वाचून चाकणला परतले त्यांचीही. पण ठाणे राहिले. जिथे घोडदळाचे ठाणे तिथे गवत, पाणी, लोहार आणि नालबंद हे ओघाने आलेच. त्याच शतकात बहमनी दरबारात शालिहोत्र या संस्कृत अश्वशास्त्राचे फारसीत भाषांतर झाले. घोड्याच्या वैद्याला उर्दूत 'सलोतरी' म्हणतात तो शब्द या शालिहोत्रावरून आलेला. ऋषीच्या नावाचा असा हकीम झाला, आणि पुढे या विषयावर फारसीत फरसनाम्यांची परंपराच उभी राहिली. रेख्तीसाठी गाजलेला शायर सआदत यार खान रंगीन यानेही एक फरसनामा लिहिला आहे. शायराला घोड्याच्या खोडी आणि आजार यांवर लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने शाही तबेल्याचा हिशेब दिला आहे. त्यात वर्षातून दोनदा नाल ठोकण्याचा नियम आहे आणि चारी पायांसाठी पूर्वी आठ दाम मिळत ते आता दहा केल्याची नोंद आहे. आज पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याची नाल सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते, कारण खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलीमीटर वाढतो. वर्षात दोनदा एवढ्यावर भागत होते याचा अर्थ मला असा दिसतो की त्या काळच्या मातीच्या वाटांवर घोडे बराच काळ उघड्या खुरांनीही चालत असावेत.

मराठी वाचकाला याहून जवळचा पुरावा सभासद बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. हिशेब केला तर एका हजारीच्या साडेबाराशे घोड्यांमागे पन्नास नालबंद होतात. पन्नास माणसे ज्या कामाला लागतात ते काम किरकोळ कसे म्हणावे? ही सगळी माणसे आपलीच होती असा दावा मी करणार नाही, बखर त्यांची जात सांगत नाही. पण पखालजी आणि नालबंद हे दोन्ही धंदे महाराष्ट्रात पुढे ज्या हातांत दिसतात ते पाहता स्वराज्याच्या घोडदळाच्या पायांखाली कुणाची मेहनत होती, याचा अंदाज करायला हरकत नाही. मराठी राजवटीच्या दप्तरांत 'नालबंदी' हा शब्द तर पैशाचे नावच झाला आहे. शिलेदाराला मोहिमेवर निघण्यापूर्वी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम मिळे ती नालबंदी. नालेचा खर्च भागला तर स्वारी निघणार, इतके ते सरळ होते.

१६६० च्या पावसाळ्यात शाएस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने जूनपासून ऑगस्टपर्यंत, जवळजवळ दोन महिने, तो छोटा भुईकोट लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. शाळेत हा धडा आपण सगळ्यांनी वाचला आहे, आणि वर्गात तो चालू असताना काही मुलांच्या नजरा आपल्याकडे वळलेल्याही अनेकांना आठवत असतील. मला त्या धड्यात नसलेली एक गोष्ट सुचते. चाकणचा पाऊस आणि काळ्या मातीचा चिखल ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की पाण्यात भिजून खूर मऊ पडतो, खिळे सैल होतात आणि चिखल नाल ओढून घेतो. दोन्ही बाजूंना घोडे होते, दोन्ही बाजूंना नालबंद लागत होते, आणि खुराला खान कोण आणि राजा कोण हे कळत नव्हते.

नालेला आपल्या श्रद्धेतही जागा आहे. मोहरममध्ये दख्खनच्या गावागावांत 'नालसाहेब' बसतात. इमाम हुसैन यांच्या घोड्याच्या नालेची आठवण म्हणून नालेच्या आकाराचा पंजा काठीवर बसवून तो हातात घेऊन धावत नेण्याची प्रथा जाफर शरीफने 'कानून-ए-इस्लाम'मध्ये नोंदवली आहे. डॉ. हर्क्लोट्स यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. या प्रथा इस्लामला धरून आहेत की नाहीत हा वाद मी इथे काढत नाही. गंमत एवढीच की ज्या नालेपुढे सारे गाव झुकते, ती ठोकणारा मात्र पंगतीत मागेच बसला. काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी शनिवारी रस्तोरस्ती विकली जाते, उंबऱ्यावर नाल ठोकली जाते. लोखंडाला बरकत आहे म्हणतात, पण कारागिराच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

१८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात मुसलमानांच्या पोटजातींत नालबंदांची वेगळी नोंद आहे. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांची एक ठरलेली रीत दिसते. आतार, तांबोळी, पिंजारी, नालबंद, कुणीही असो, त्याचे मूळ औरंगजेबाच्या काळातील धर्मांतरात दाखवायचे. चारशे वर्षांच्या सुलतानशाह्या, घोड्यांचा व्यापार, गावगाड्यातील देवघेव हे सगळे त्या एका वाक्यात गडप होते. आणि आपल्यातले अनेकजण अजून तेच वाक्य स्वतःविषयी बोलतात.

गॅझेटियर लिहिणाऱ्यांच्या देशात मात्र तेव्हा नालेवरून मोठा वाद होऊन गेला होता. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये लाफोस नावाच्या अश्ववैद्याने सांगितले की नाल आखूड करा, टाच जमिनीला टेकू द्या. पुढे इंग्लंडमध्ये ब्रेसी क्लार्क याने एका घोडीच्या खुराचे साचे काही वर्षांच्या अंतराने घेतले. नाल ठोकत गेल्यावर तोच खूर कसा अरुंद होत गेला, हे त्याने १८०९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर त्याचा उपाय होता सांध्याची नाल. दोन तुकडे करायचे आणि पुढे, बोटाकडे, बिजागरी बसवायची, म्हणजे खूर फाकला की नालही फाकेल. कल्पना सुंदर होती. पण बिजागरी रस्त्यावर झिजते, खिळखिळी होते, आणि घडवायला वेळ लागतो. तिकडे अमेरिकेत हेन्री बर्डेनच्या यंत्रातून पुढे मिनिटाला साठ नाला पडू लागल्या. स्वस्त, सरळ, न वाकणाऱ्या. बिजागरीची नाल बाजारात टिकली नाही.

ब्रेसी क्लार्कने एकदा चाकणच्या बाजारात येऊन बैलाची पत्री पाहिली असती तर त्याला काय वाटले असते, असे माझ्या मनात येते. बैलाचा खूर मुळातच दुभंगलेला. दोन्ही भाग चालताना वेगवेगळे हलतात, फाकतात, मिटतात. त्यावर एक अखंड नाल बसवली तर बैल चार पावलेही धड चालणार नाही. म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ पत्र्या. मधे बिजागरी नाही, काही नाही, नुसती फट. घोड्यासाठी युरोपने जो सांधा शोधला तो बैलाला निसर्गानेच दिला होता आणि आमच्या पत्रीवाल्याने तो निमूटपणे मान्य केला होता. घोडा तीन पायांवर उभा राहतो, बैल तसा राहत नाही. त्याला दोराने अलगद खाली पाडावे लागते, चारी पाय एकत्र बांधावे लागतात, एकाने शिंगे धरायची. लहानपणी मी ते पाहिले आहे. पाडलेल्या बैलाचे डोळे पांढरे होत, आणि पत्रीवाला हातोडी उचलण्याआधी त्याच्या मानेवरून हात फिरवी, तोंडाने 'बिस्मिल्लाह' म्हणे. बैलवाला हिंदू असे, पण तोही त्या क्षणी गप्प राही.

आणि घोड्याच्या बाबतीत? तिथे फट नाही. मग हे लोक खूर मोकळा कसा ठेवत? याचे उत्तर मला एका वयस्क नालबंद चाचांकडून मिळाले. आता ते स्वतः काम करत नाहीत. त्यांचा पुतण्या मोटारसायकलवर सामान बांधून खेड, आंबेगाव, मावळ असा फिरतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा त्याने वेल्डिंग शिकून घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, तेव्हा तो जुन्या कामाकडे वळला. आमच्या भागात गाड्यापुढे घोडी पळते, त्यामुळे नाल आणि पत्री दोन्हीला थोडीफार मागणी असते. बाकी घोडा उरला आहे तो लग्नाच्या वरातीत, माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी आणि शर्यतीच्या मैदानात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि टांगा त्याआधीच रिक्षाने संपवला होता.

चाचांनी मला एक जुनी झिजलेली नाल दाखवली. भोके दोन्ही बाजूंना, पण सगळी पुढच्या अर्ध्या भागात. खुराची रुंदी जिथे सर्वांत जास्त असते त्याच्या मागे एकही भोक नाही. नालेची मागची दोन टोके खुराच्या कडेपेक्षा केसभर बाहेर. म्हणजे पुढून घट्ट, मागून मोकळी. खूर फाकतो तेव्हा टाच त्या टोकांवर घसरते, अडत नाही. झिजलेल्या नालेच्या मागच्या टोकांवर वरच्या बाजूने घासल्याची चकाकी होती. ती बोटाने दाखवून चाचा म्हणाले, "ये देखो, टाच यहाँ हिलती थी." लोखंड वाकत नव्हते, पण जनावराची हालचाल त्यावर अशी लिहिली गेली होती. जगभरचे चांगले नालबंद हेच करत आले आहेत. लवचिकपणा धातूत नव्हता, तो खिळा कुठे ठोकायचा नाही या निवडीत होता. आणि ही निवड कारखान्यातून येणारी नाल करत नाही, बसवणारा करतो. भोके असली तरी मागची रिकामी सोडावी लागतात.

आता परदेशात लवचिक नाला निघाल्या आहेत. पॉलियुरेथेनच्या, काहींच्या आत ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पातळ गाभा. काही खिळ्याने बसतात, काही गोंदाने चिकटवतात. खुरावर चढवायचे बूटही मिळतात, काम झाले की काढून ठेवायचे. तसे पाहिले तर ही कल्पना नवी नाही. रोमन लोक लोखंडी तळाचे जोडे वाद्यांनी घोड्याच्या पायाला बांधत आणि जपानमध्ये भाताच्या पेंढ्याचे जोडे घालत. खिळ्याने फाटलेल्या, ज्यात नवा खिळा धरत नाही अशा खुराला गोंदाची नाल म्हणजे वरदान आहे. डांबरी आणि फरशीच्या रस्त्यावर ती कमी घसरते, धक्का कमी बसतो. पण किंमत लोखंडी नालेच्या कितीतरी पट. शिवाय गोंद लावताना खूर अगदी कोरडा, स्वच्छ, घासलेला हवा, आणि गोंद सुकेपर्यंत जनावर स्थिर उभे राहायला हवे.

मी चाचांना मोबाईलवर अशा एका नालेचे चित्र दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र मोठे करायला लावले, आणि बराच वेळ नालेच्या मागच्या बाजूकडे पाहत राहिले.

"पीछे का खुल्ला छोड्या है क्या?"

मी म्हटले, हो, गोंद पुढे आणि बाजूंनाच लावतात, टाचेला नाही.

"फिर ठीक है." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "और बारिश में?"

त्यांचा पुतण्या तेव्हा अंगणात दोन दिवसांनी होणाऱ्या घाटासाठी खिळे निवडत होता. तो हसला. म्हणाला, चाचा, आपल्याकडे कोण लावणार ती, एका नालेच्या पैशात इथे घोडीचे सगळे वर्ष निघते. चाचांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांना गोंदाचे नाव हवे होते, आणि तो चाकणला कुठे मिळेल ते.